पोटातली की गिळलेली

पाणी पिता पिता पाहुणीने ग्लास बाजूला ठेवला, खुर्चीवरून उतरली आणि बैठकीच्या खोलीत, भर दुपारी, फरशीवर सरळ पालथी पडली.

मोठीला, म्हणजे घरच्या मालकिणीला, वाटलं, बाईला घेरी आली. तोंडावर पाणी मारायला तिने तांब्याही उचलला. पण घेरी आलेलं माणूस पर्समधून भिंग काढून फरशीला डोळा लावत नाही.

"काही पडलं का तुमचं?" मोठीने विचारलं.

"नाही," पाहुणी फरशीशीच बोलली. "सापडलं."

ही बाई म्युझियममधली. काचेच्या पेटीखाली ठेवायला दगडी चौथरा पॉलिश करून हवा होता, म्हणून ती मोठीच्या दगडाच्या कारखान्यात आली होती. मोठीच्या घरचा नियम असा, की गिऱ्हाईक आलं की आधी बैठकीच्या खोलीत बसवायचं. कारखान्यात धूळ आणि मशीनची घरघर. इथे मात्र माणूस खाली बघायचा आणि गप्प व्हायचा, कारण खाली मोठीची फरशी होती. करड्या दगडाच्या रुंद लाद्या, आणि त्या अशा घासलेल्या की त्यात बघून भांग पाडावा. दरवर्षी पॉलिशचं मशीन घरात आणून, स्वतः डोक्यावर उभी राहून, मोठी ती फरशी नव्याने घासून घ्यायची. नवऱ्याने एकदा धीर करून म्हटलं होतं, "अगं, आहे की चकचकीत."

"तुमचं टक्कलही चकचकीत आहे," मोठी म्हणाली होती. "म्हणून अंघोळ सोडलीत का?"

त्या करड्या दगडात तपकिरी खुणा होत्या. कुठे गोल चकत्या, कुठे शेंगांसारख्या लांबट रेघा, आणि मोठीच्या खुर्चीपुढे, बरोबर तिच्या पायाखाली, पाकळ्यापाकळ्यांचं एक वर्तुळ. त्याला घरात सूर्यफूल म्हणत. हा दगड सासऱ्यांनी निवडून आणला होता, आणि यात जुन्या काळची झाडं दगड होऊन बसली आहेत, असं ते सांगत. सासऱ्यांना दगडातलं कळायचं आणि झाडातलं काही कळायचं नाही, पण त्यांचा शब्द मोडायची घरात सोय नव्हती. तेव्हा मोठी येईल त्याला सांगायची, "आमच्याकडे घरातच बाग आहे. पाणी घालावं लागत नाही आणि शेजारची पोरं फुलं चोरत नाहीत."

आता पाहुणी कोपरांवर सरकत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. चांगले इस्त्रीचे कपडे. मोठीने मनातल्या मनात तिला नाव देऊन टाकलं: हाडवाली. कारण उठून बसल्याबरोबर ती म्हणाली, "मावशी, ही झाडं नाहीत. हाडं आहेत."

"कुणाची?" मोठीचा आवाज चढला. "आमच्या घरात असलं काही नाही हं."

"घाबरू नका. फार जुनी आहेत. माणूस नावाची वस्तू जगात यायच्या कितीतरी आधीची. हा समुद्रातला प्राणी. इक्थिओसॉर म्हणतात. डॉल्फिनसारखा दिसायचा, पण सरडे-मगरींच्या गोतावळ्यातला."

"म्हणजे डायनासोर."

"नाही. डायनासोर जमिनीवरचे. यांचे पूर्वज जमिनीवरच होते, पण ते घर सोडून समुद्रात राहायला गेले आणि परत आले नाहीत."

"भांडण झालं असेल," मोठी म्हणाली.

हाडवालीला हसू आलं, पण मोठी हसत नव्हती. घर कशामुळे सुटतं, याबद्दल तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आणि मावशी," हाडवाली जरा चाचरत म्हणाली, "तुम्ही ज्यावर पाय ठेवून बसलाय ना, तो त्याचा डोळा आहे."

मोठीने पाय उचलला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून तिने पाय उचलल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, कारण दाराशी उभा असलेला तिचा नवरा तोंडाचा आ करून बघत राहिला.

हाडवालीने समजावून सांगितलं. या जनावरांचे डोळे ताटाएवढे असत, आणि डोळ्याभोवती हाडांच्या पातळ चकत्यांचं कडं असे. खोल पाण्यात डोळा दबू नये म्हणून. हे जनावर मेलं तेव्हा तळाच्या चिखलात तोंडावर आपटलं, मान मुरगळली, म्हणून डोळा असा सपाट आला. "पण कडं अर्धंच दिसतंय. आधी पूर्ण असणार."

पूर्ण होतं. मोठीला चांगलं आठवत होतं. नव्या फरशीवर सूर्यफूल भरगच्च होतं. मग वर्षागणिक एकेक पाकळी कमी होत गेली, आणि पाहुण्यांच्या चपलांनी ती झिजली असं धरून मोठीने घरात चपला बंद केल्या होत्या.

"फरशी घासता का दरवर्षी?" हाडवालीने विचारलं.

"तोंड दिसेल अशी," मोठी अभिमानाने म्हणाली.

"हो ना," हाडवालीने सुस्कारा टाकला. "तुमचं दिसतं. त्याचं गेलं."

एवढं स्पष्ट मोठीच्या तोंडावर, तेही तिच्याच घरात, तिच्याच हातचं पाणी पिऊन, आजवर कुणी बोललं नव्हतं. मोठीला राग यायला हवा होता. पण तिला त्या बाईचे धुळीने भरलेले कोपर दिसत होते, आणि जी बाई कामासाठी आपले कपडे खराब करते तिच्यावर मोठीला धड रागावता येत नसे.

"एक कळत नाही," हाडवाली म्हणाली. "तुमच्या करवतीने या जनावराचे पावासारखे काप केलेत. तोंडापासून शेपटीपर्यंत. पण इथे एकाआड एकच काप आहे. मधल्या लाद्या कुठे गेल्या?"

मोठीचा नवरा जन्मभर करवतीजवळ उभा राहिला होता आणि त्याचे कान कधीच कामातून गेले होते. जेवायला हाक मारली तर त्याला ऐकू येत नसे. लग्नातल्या चुका ऐकवल्या तर मुळीच नाही. तो आता खणखणीत आवाजात म्हणाला, "धाकटीच्या न्हाणीघरात!"

मोठीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला परत ऐकू येईनासं झालं.

आता ही धाकटी कोण, ते सांगायला हवं. घरात दोन सुना आल्या. ही आधी आली म्हणून मोठी, ती नंतर आली म्हणून धाकटी. दोघींचेही केस पिकले, पण धाकटीला काही अक्कल आली नाही, असं मोठीचं मत. सासरे गेले आणि त्यांच्या मागोमाग कारखान्याच्या मधोमध भिंत आली. दगड कापायची करवत त्या बाजूला राहिली, पॉलिशचं मशीन या बाजूला. म्हणजे त्या घरी दगड कापला जायचा पण चमकायचा नाही, आणि या घरी चमकवता यायचा पण आधी कुणीतरी कापून आणून द्यावा लागायचा. दोन्ही घरं आपापला दगड ट्रकमध्ये घालून गावाबाहेरच्या कारखान्यात पाठवायची, वाटेत एकमेकांच्या दारावरून न्यायची, आणि वेगळं झाल्यापासून कसं सुटसुटीत वाटतं, हे विचारल्याशिवाय सांगायची.

सासऱ्यांनी कापून ठेवलेला शेवटचा ठोकळा तेवढा वाटायचा राहिला होता. दगडाच्या धंद्यात वाटणीची एक रीत आहे. वरचा अर्धा एकाला, खालचा अर्धा दुसऱ्याला, असं केलं तर कुणाच्या तरी वाट्याला खराब थर येतो आणि मग पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घ्यावं लागतं. म्हणून करवतीतून निघालेल्या लाद्या पत्त्यांसारख्या वाटायच्या. एक तुझी, एक माझी. शेजारशेजारच्या लाद्या तोंडावळ्याने सख्ख्या बहिणी असतात, तेव्हा तक्रारीला जागा राहत नाही. ही वाटणी मोठीने स्वतः उभी राहून केली होती. एकही लादी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. सबंध आयुष्यात आपण एक तरी गोष्ट अशी केली की जिच्यात कुणाला खोट काढता येणार नाही, असं ती म्हणायची.

आणि आता ही हाडवाली सांगत होती, की त्या बिनखोटीच्या वाटणीमुळे जगात कुणालाच त्या जनावराचा काही उपयोग उरला नव्हता.

पुढे धाकटीने आपल्या वाट्याच्या लाद्या न्हाणीघरात लावल्या. ज्या दगडावरून सासरे हात फिरवायचे, त्यावर ती साबणाचं पाणी ओतणार! मोठीने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून धाकटीशी बोलणं टाकलं. मधली भिंत पुरुषांनी बांधली होती, पण तिच्यावरचा गिलावा हा असा मोठीचा होता.

"मधल्या लाद्यांशिवाय अडतंय का तुमचं?" मोठीने विचारलं. "डोकं आमच्याकडे आहे. डोकं असलं की झालं. बाकी काय, शेपटीच ना?"

"डोक्याचं नाही अडत," हाडवाली म्हणाली. "पोटाचं अडतंय."

तिने खोलीच्या मधल्या लाद्यांपाशी नेऊन दाखवलं. मोठ्या चकत्यांच्या खाली अगदी बारीक चकत्या होत्या, शर्टाच्या बटणांएवढ्या. घासून घासून त्या पुसट झाल्या होत्या, नुसता डाग पडल्यासारख्या.

"हे लहान मणके आहेत. पिल्लांचे. ही जनावरं अंडी घालत नसत, पिल्लं पोटात वाढवायची. तेव्हा एक तर ही आई होती आणि पिल्लं पोटात असताना मेली. नाहीतर मोठे प्राणी लहानांना खातात तसं हे तिचं शेवटचं जेवण."

"आपल्याच जातीची लेकरं?"

"असतात खाणारे."

"मग कळणार कसं? पोटातली की गिळलेली?"

"पोटातली असली तर हाडं ओळीने असतात. गिळलेली असली तर विस्कटून जातात. इथे पॉलिशमुळे ओळ दिसत नाही. लादी उचकटून खालची बाजू बघता येईल, नाहीतर मधल्या लाद्या."

"माझी फरशी उचकटायची नाही," मोठी म्हणाली. "आणि तिच्या दारात मी जायची नाही. तुमच्या जनावराला म्हणावं, इतकी वर्षं थांबलंस, आणखी थोडी थांब."

हाडवालीने चौथऱ्याचं काम सांगितलं, आपला फोन नंबर ठेवला आणि गेली. मोठीने ग्लास उचलला, विसळला, पालथा घातला. पण तो शब्द काही तिच्या डोक्यातून जाईना.

गिळलेली.

कारण हा शब्द तिने आधी ऐकला होता, आणि तो पोटच्या पोराच्या तोंडून. मोठीला एकच मुलगा. नाव काहीही असो, ती त्याला सोन्या म्हणायची, आणि दगड उचलून उचलून बैलासारखी मान झालेल्या त्या बाप्याला चारचौघांत सोन्या म्हणून हाक मारली की तो जमिनीत जायचा. सोन्या लादी लावायला बसला की मोठी डोक्यावर उभी. डावीकडे घे. जरा वर. अरे, सुतात धर. हातात जीव नाही का? लावून झाली की ती स्वतः उकरून पुन्हा लावायला सांगायची, कारण एक कोपरा केसभर तिरका असायचा. एक दिवस सोन्याने हातातली थापी खाली ठेवली. "आई," तो शांतपणे म्हणाला, "तू माणसाला वाढवत नाहीस. गिळतेस." आणि तो गेला. लांब नाही गेला. भिंतीपलीकडे गेला, काकूच्या कारखान्यात, करवत चालवायला.

मोठीने लोकांना सांगितलं, धाकटीने पोर गिळलं माझं. हे ती इतक्यांदा बोलली की तिला ते खरं वाटू लागलं होतं. खरं वाटलं नाही तर मग दुसरं काय खरं, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता. तो आता फरशीवरून तिच्याकडे बघत होता, अर्ध्या डोळ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीच्या नवऱ्याला एक गंमत दिसली. केर काढताना बायको मधल्या लाद्यांना वळसा घालून चालत होती. खुर्चीही सरकवलेली होती. चहा ओतताना तिने त्याला विचारलं, "पोटातली असतील का हो?"

"काय?"

"काही नाही. प्या."

तो प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "विचारून ये की."

या माणसाला नको तेव्हा फार चांगलं ऐकू येतं, असं मोठीच्या मनात आलं. पण तोवर तिने हाडवालीला फोन लावला होता. "त्या मधल्या लाद्या बघायला जायचंय का तुम्हाला?" ती करारीपणाने म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या बायका, तुम्हाला कुणी हुसकावून लावायला नको. म्हणून सोबत येते. माझं तिथे काही काम नाही."

भिंतीपलीकडचं दार धाकटीनेच उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. धाकटी चांगलीच रोडावली होती. आपण नाही रोडावलो, एवढ्यानेच मोठीला जरा बरं वाटलं.

"या जाऊबाई," धाकटी म्हणाली. "वाट चुकलात की घर?"

"मी नाही आले. ह्या आल्यात. ह्यांना तुझं न्हाणीघर बघायचंय."

"बघण्यासारखं दुसरं काही नाहीच का माझ्या घरात?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी कधी आलेय?"

"तेच म्हणते."

हाडवालीने दोघींच्या मधून वाट काढली. शिकलेल्या माणसाला कुठे थांबू नये, एवढं कळत होतं तिला. न्हाणीघर अंधारं होतं, म्हणून धाकटीने कारखान्याकडे तोंड करून हाक मारली, "अरे, टॉर्च घेऊन ये जरा!" आणि टॉर्च घेऊन जो आला, तो सोन्या होता. अंगभर दगडाची पांढरी धूळ. आईला बघून तो उंबऱ्यातच थबकला.

"खातोस का नाही काही?" मोठी म्हणाली. इतक्या दिवसांनी म्हणायला याहून बरं वाक्य तिला सुचलं नाही.

"खातो," सोन्या म्हणाला, आणि त्याने टॉर्च लावली.

लाद्या खाली फरशीला होत्या आणि कमरेएवढ्या भिंतीलाही. पॉलिशचा पत्ता नव्हता. करवतीतून निघाल्या तशा खरखरीत. आणि त्यावर पाणी पडल्याबरोबर एकेक हाड असं उठून आलं, जसं काही कुणी तपकिरी शाईने काढलं आहे. हाडवालीच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. ती ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. इस्त्रीच्या कपड्यांचा आणखी एक जोड गेला.

"बघा, कशा राहिल्यात," ती म्हणाली. "बरं झालं, इथे कुणी पॉलिश केलं नाही."

"करणार कुठून?" धाकटी म्हणाली. "मशीन या घरी कुठे होतं? आणि केलंही नसतं मी. ह्यांचे पाय गेले होते शेवटी. गुळगुळीत फरशीवर घसरायचे. एवढीच एक जागा होती, जिथे ते भिंतीला धरून आपले आपण चालायचे. म्हणायचे, बाबांचा दगड आहे, पाडणार नाही मला."

मोठीचा धाकटा दीर जाऊन बरेच दिवस झाले होते. त्याच्या आजारपणाचं तिला कळलं होतं. कळलं होतं आणि भिंत होती. तिने भिंतीच्या खरखरीत लादीवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "दगड बरा राहिलाय."

"बराच आहे तो," धाकटी म्हणाली. धाकटीकडून एवढ्या थोडक्यात सुटका होईल, असं मोठीला वाटलं नव्हतं.

"ही पोटाची लादी," हाडवालीने भिंतीकडे बोट दाखवलं. नळाच्या जरा खाली. "टॉर्च इकडे."

सोन्याने टॉर्च धरली. मोठी वाकली. तिचे गुडघे कुरकुरले, तिने त्यांना मनातल्या मनात एक शिवी घातली. "सोन्या, जरा डावीकडे धर," ती म्हणाली. "वर. अरे, सुतात..."

"आई."

मोठीने तोंड मिटलं. टॉर्च सोन्याने जिथे धरली होती तिथेच ठेवली, आणि खरं म्हणजे तिथूनच नीट दिसत होतं.

बटणांएवढे मणके. एकामागे एक, लहान होत गेलेले, एका वाकड्या ओळीत. जणू कुणी माळ ओवून ठेवली आहे. तिच्या बाजूला आणखी एक तशीच ओळ. आणि पुढच्या, शेपटीकडच्या लादीवर, मोठ्या हाडांच्या अगदी बाहेर, एक इवलंसं शेपूट.

"ओळीने आहेत," हाडवाली हळू आवाजात म्हणाली. "पोटातली. ही आईच होती. आणि हे एक बाहेर येत होतं. यांची पिल्लं शेपटीकडून येत, म्हणजे बाहेर पडेपर्यंत पाण्यात गुदमरायला नको. हे येता येताच..."

पुढचं मोठीला सांगायची गरज नव्हती. पण मोठी ती मोठीच. ती सरळ उभी राहिली, मान वर केली आणि सोन्याकडे वळली.

"ऐकलंस? पोटातली होती. गिळलेली नव्हती."

"मी कुठे काय म्हणालो?" सोन्या म्हणाला.

"तू नाही. कुणी कुणी म्हणतं."

"मग सोडायचं ना तिने वेळेवर बाहेर."

"सोडतच होती!" मोठी कडाडली. "दिसत नाही का तुला? अर्धं बाहेर आलंय ते! ती काय मुद्दाम मेली?"

सोन्या भिंतीवरच्या त्या शेपटाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाची एक बाजू जरा हलली. लहानपणी खोडी पकडली गेली की तशी हलायची. मोठीने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"एक मिनिट," हाडवाली भिंग लावून बसली होती. तिचा आवाज जरा पडला. "हे इथे एक वेगळं आहे. डोक्याच्या बाजूला, छातीखाली. याची हाडं विस्कटलेली आहेत. जबडा एकीकडे, मणके एकीकडे. हे मात्र खाल्लेलं दिसतंय."

"कुणाचं?" धाकटीने विचारलं.

"याच जातीचं. लहानसं."

धाकटीने ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

"दुसरीचं असेल," मोठी ठामपणे म्हणाली. "स्वतःचं नसणार."

"हो, हो, दुसरीचंच," धाकटी म्हणाली. "जावेचं असेल."

मोठीने तिच्याकडे बघितलं. धाकटीने तिच्याकडे. आणि मग धाकटीला असं हसू फुटलं, की तिला भिंतीला धरावं लागलं, आणि मोठीने हसायचं नाही म्हणून दातओठ आवळले, पण ते तिच्या नाकातून निघालं. हाडवाली बिचारी घाबरून एकीकडून दुसरीकडे बघत होती. मेलेल्या जनावरांबद्दल तिला सगळं कळत होतं. जिवंत जावांबद्दल काही नाही.

"घेऊन जा," मोठी डोळे पुसत म्हणाली. "माझ्याही घेऊन जा. एकाआड एक ठेवून काय करायचंय?"

लाद्या उचलायचं काम सोन्याने केलं, दोन्ही घरच्या. म्युझियममध्ये त्या क्रमाने उभ्या मांडल्या, करवतीने त्यांच्या मधला जेवढा दगड खाल्ला होता तेवढी फट मध्ये सोडून, आणि जनावर पहिल्यांदा सबंध झालं. खालच्या पाटीवर कुणाचं नाव आधी यावं, यावरून दोघी जावा म्युझियमच्या कचेरीत अशा भांडल्या, की तिथल्या साहेबाने चहा मागवला आणि स्वतःच पिऊन टाकला. शेवटी डोकं मोठीच्या लादीत आहे म्हणून मोठीचं नाव आधी आलं. पिल्लं नीट धाकटीच्याच लाद्यांत दिसतात, म्हणून येणारी माणसं जास्त वेळ तिथेच उभी राहतात. हे मोठीच्या लक्षात आलं आहे. तिने अजून त्यावर तोडगा काढलेला नाही.

राहिली बैठकीची खोली. ती उघडी पडली होती, नुसती माती आणि चुना. नवा दगड धाकटीच्या करवतीवर कापला, मोठीच्या मशीनवर पॉलिश केला. मधली भिंत आहे तशीच आहे, तिला एक दार पाडलंय एवढंच, कारण लाद्या घेऊन वळसा घालायला दोन्ही घरांत आता कुणाचे गुडघे राहिलेले नाहीत.

लादी लावायला सोन्या बसला. मोठी खुर्ची घेऊन दाराबाहेर बसली, तोंड रस्त्याकडे करून. आतून थापीचा आवाज येत होता. ती मधूनच वळायची, तोंड उघडायची, मिटायची आणि परत रस्त्याकडे बघायची. समोरून जाणाऱ्या फळवाल्याला तिने विनाकारण झापलं. त्याच्या गाडीचं चाक डावीकडे झुकलंय म्हणून.

"झालं," सोन्या आतून म्हणाला. "बघ."

मोठी आत गेली. तिने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. तिची नजर म्हणजे सूत. खिडकीजवळच्या लादीचा एक कोपरा केसभर तिरका होता.

"कशी आहे?" सोन्याने विचारलं.

तिच्या नवऱ्याने दारातून आत डोकं घातलं. त्याला ऐकू येत नव्हतं, तरी त्याने श्वास रोखला.

"बरी आहे," मोठी म्हणाली.

मग ती बाहेर गेली, आपली खुर्ची उचलून आणली आणि खिडकीजवळ, बरोबर त्या कोपऱ्यावर ठेवली. तेव्हापासून ती तिथेच बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला खोलीभर फिरवून फरशी दाखवते, हे माझ्या मुलाने लावलंय म्हणून सांगते, आणि कुणी खिडकीकडे वळायला लागलं की त्याला चहा विचारते.